‘राग कसला? काही नाही!’ म्हणणारं सासर

पत्रलेखिका ३१ वर्षांच्या. माहेर नागपूरच्या महाल भागातलं. लग्नाला दोन वर्षं झाली, सासर ठाण्यात पाचपाखाडीला. घरात सासू-सासरे, नवरा आणि त्या. माहेरी भांडणं मोठ्यांदा होतात आणि तासाभरात मिटतात. सासरी कुणाचा आवाज चढत नाही. नवरा दहावीला जाईपर्यंत हे कुटुंब नौपाड्यातल्या एका चाळीत, दीड खोलीत, सात माणसांत राहत होतं.

गेल्या दिवाळीआधी एका रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, की या वर्षी दिवाळीला आम्ही दोघं नागपूरला जाणार, विदर्भ एक्सप्रेसची तिकिटंही काढली आहेत. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं.’ सासऱ्यांनी विचारलं, ‘कन्फर्म आहेत ना?’ विषय तिथेच संपला. पुढचे तीन दिवस मात्र सासूबाई कामापुरतंच बोलल्या. सकाळचा चहा हातात न देता ओट्यावर झाकून ठेवलेला, डबा वेळेवर भरलेला, चेहरा कोरा. ‘आई, राग आलाय का?’ असं विचारलं की एकच उत्तर, ‘राग कसला? काही नाही.’ तिसऱ्या रात्री पत्रलेखिका नवऱ्यावर कडाडल्या. तो उठून गॅलरीत गेला. सासूबाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं. सकाळी सासरे एवढंच म्हणाले, ‘काल आवाज जरा जास्तच चढला होता.’ चौथ्या दिवशी सासूबाईंनी पाटवडीचा रस्सा केला, ‘तुमच्याकडच्यासारखा जमला नसेल’ म्हणाल्या आणि जणू काही झालंच नाही अशा बोलू लागल्या. ‘हेच सगळ्यात जास्त लागलं,’ असं पत्रलेखिका लिहितात, ‘निदान भांडा तरी!’

नवऱ्याचं म्हणणं, त्यांनी अँगर मॅनेजमेंटचा कोर्स करावा. आई फोनवर म्हणते, ‘तू काहून चूप राहते? बोलून मोकळी हो.’ पत्रलेखिका विचारतात: माणसं इतकी खोटी कशी वागू शकतात? की मलाच भावना आवरत नाहीत? या घरात टिकायचं तर मीही खोटं वागायला शिकू का?

*

प्रिय मैत्रीण,

तुमच्या तिन्ही प्रश्नांमागे एकच गोष्ट गृहीत धरलेली दिसते. राग आला की तो आत तयार असतो. जो बाहेर काढतो तो खरा माणूस, जो आत ठेवतो तो खोटा. महालातल्या तुमच्या घरात हे बरोबरच होतं, कारण तिथे सगळे तसेच वागत होते. पाचपाखाडीच्या घरातली समजूत वेगळी आहे. तिथे राग ही दोन माणसांच्या मधे घडणारी गोष्ट आहे आणि ती वाढू द्यायची की थोपवायची हे आपल्या हातात असतं, असं मानत ती माणसं मोठी झाली. तुमचा नवरा गॅलरीत गेला तेव्हा तुम्हाला वाटलं, याला माझी पर्वा नाही. त्याला बहुधा वाटलं असेल, मी आग वाढू दिली नाही, चांगलं केलं. दोघंही आपापल्या घरच्या रिवाजाप्रमाणे शहाण्यासारखंच वागत होतात.

आधी त्या पाटवडीकडे येते, कारण तुम्ही तिच्यावरून फार भरभर पुढे गेलात. पाटवडीचा रस्सा हा ठाण्यातल्या घरात सहज होणारा पदार्थ नव्हे. फोडणीच्या पाण्यात बेसन शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, ताटाला तेल लावून गरम असतानाच थापायचं, वड्या पाडायच्या. मग कांदा-खोबरं भाजून वाटायचं आणि तर्री येईपर्यंत रस्सा उकळायचा. हे सगळं तुमच्या सासूबाईंनी, एका निवृत्त शिक्षिकेने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, त्याच आठवड्यात केलं ज्या आठवड्यात त्या तुमच्याशी नीट बोलत नव्हत्या. कुणाला तरी विचारलं असेल, नाहीतर मोबाइलवर बघितलं असेल. आणि वाढताना म्हणाल्या, ‘तुमच्याकडच्यासारखा जमला नसेल.’ या घरात ‘माझं चुकलं’ किंवा ‘मला वाईट वाटलं होतं’ असं तोंडाने म्हणायची पद्धत नसेल, तर समेटाच्या जितकं जवळ येता येतं तितक्या त्या आल्या होत्या, असं मला वाटतं. तुम्ही शब्दांची वाट बघत होतात, त्या स्वयंपाकघराच्या दाराने आल्या, आणि चुकामूक झाली.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. त्यांना नुसतं काहीतरी वेगळं करायचं होतं, एवढंच असेल. पण तुम्ही लिहिलेल्या अख्ख्या प्रसंगात सासूबाईंनी तुमच्या माहेराचा उल्लेख केला तो तेवढ्या एकाच वाक्यात, आणि भांडणाचा विषयही तुमचं माहेर हाच होता.

‘खोटी’ या शब्दाबद्दल आपल्याकडचीच एक जुनी नोंद सांगते. नाट्यशास्त्रात भरताने आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणाऱ्या, भावांच्या जोडीला ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव मोजले आहेत. त्यांत अवहित्थ नावाचा एक आहे: मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. म्हणजे भाव लपवणं हाही एक भावच धरला आहे. आणि त्याची जी कारणं दिली आहेत त्यांत लाज आहे, भीती आहे, हार आहे, समोरच्याचा आदर आहे. कपट त्या यादीतलं फक्त एक आहे. तुम्ही थेट कपटापाशी पोचलात. कोऱ्या चेहऱ्यामागे कदाचित लाज असेल: सून माहेरी जाणार म्हणून रुसणारी सासू असं स्वतःलाच दिसणं कुठल्या शिकलेल्या बाईला आवडेल?

या विषयावर संशोधनही पुष्कळ झालं आहे. डच मानसशास्त्रज्ञ बाट्या मेस्किटा यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या भावनांचा अनेक वर्षं अभ्यास केला. काही समाजांत भावना ही मुख्यतः माणसाच्या आतली, त्याची स्वतःची गोष्ट समजली जाते, तर काही ठिकाणी ती नात्यात घडणारी आणि नात्याचं काहीतरी करणारी, अशी मांडणी त्या करतात. पहिल्या ठिकाणी ‘मला काय वाटतं’ हा प्रश्न मोठा, दुसऱ्या ठिकाणी ‘याने आपल्यात काय होईल’ हा. ताकाहिको मासुदा आणि सहकाऱ्यांचा २००८चा एक प्रयोग मला तुमच्या जेवणाच्या टेबलाची आठवण करून देतो. एका चित्रात मधे एक माणूस आणि त्याच्याभोवती चार जण. मधल्या माणसाला काय वाटतंय ते सांगा, असं विचारलं. पाश्चात्त्यांनी मुख्यतः त्या एकाच चेहऱ्यावरून उत्तर दिलं. जपानी माणसांचं उत्तर भोवतालचे चेहरे कसे आहेत त्यावर बदलत गेलं. तुम्ही त्या रात्री फक्त सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतात. सासरे तिथे बसले होते, मुलगा बसला होता. ‘बरं’ हे उत्तर तुम्हा तिघांना मिळून दिलेलं होतं. एकटीला विचारलं असतंत तर कदाचित वेगळं आलं असतं.

हे आपण शिकतो कुठे? अगदी लहानपणी, न सांगता. जीन त्साई आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिका आणि तैवानमधली खपाची बालपुस्तकं तपासली. अमेरिकी पुस्तकांतली पात्रं जास्त उत्साहात, मोठ्ठं हसणारी. तैवानी पुस्तकांतली त्यामानाने शांत. तीन वर्षांच्या पोराला कुणी धडा देत नाही, पण आनंदी माणूस कसा दिसतो हे त्याला कळलेलं असतं. तुम्हाला रागावलेलं माणूस कसं दिसतं हे महालात कळलं, तुमच्या नवऱ्याला नौपाड्यात.

मात्र यावरून ‘आम्ही वैदर्भीय मोकळे, हे ठाणेकर आतल्या गाठीचे’ असा निष्कर्ष काढू नका. (तुमच्या पत्रात दोनदा आलाय.) नागपुरात आवाजही न काढणारी घरं आहेत, आणि ठाण्यात भांडण सुरू झालं की अख्ख्या मजल्याला पत्ता लागतो अशीही. मला गावापेक्षा ती दीड खोली महत्त्वाची वाटते. सात माणसं, पातळ भिंत, दारं दिवसभर उघडी, बाहेर सामाईक गॅलरी. तिथे एक जण ओरडला तर सहा जणांचा अभ्यास, झोप, देवपूजा थांबते आणि शेजारच्या बिऱ्हाडात संध्याकाळी चर्चा होते. एकांत मिळवायची तिथे एकच जागा असते, ती म्हणजे गप्प बसणं. तुम्ही ज्याला थंडपणा म्हणता ती त्या जागेने लावलेली सवय असू शकते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आल्यावर भिंती बदलल्या, सवय राहिली. याबद्दल नवऱ्याला एकदा निवांत विचारा: चाळीत असताना तुझे आईबाबा भांडायचे तेव्हा कुठे भांडायचे? उत्तर ऐकण्यासारखं असेल.

आता तुमच्या आईचा सल्ला. ‘बोलून मोकळी हो’ हे आपल्याकडे औषधासारखं सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली केलेल्या प्रयोगात चिडलेल्या लोकांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले, नुसते बसलेले कमी. दुसऱ्या बाजूला, भावना दाबणं नेहमीच घातक असतं हेही सरसकट खरं नाही. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासात युरोपीय मूल्यांत वाढलेल्या स्त्रियांना भावना दाबण्याची नात्यात जी किंमत मोजावी लागते, ती आशियाई मूल्यंही जपणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत बरीच कमी दिसली. कारण तिथे दाबण्यामागे स्वतःला वाचवण्यापेक्षा समोरच्याला सांभाळण्याचा हेतू असू शकतो. तेव्हा सासूबाई आतल्या आत कुढत असतील असं धरून त्यांना ‘मोकळं करण्याची’ मोहीम काढू नका. त्यांनी मागितलेली नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे शेवटी समजून मीच घ्यायचं. हा प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. बेल्जियममधले तुर्की स्थलांतरित आणि अमेरिकेतले कोरियन स्थलांतरित यांच्यावर यॉझेफिन दे लीर्स्नायडर, मेस्किटा आणि हीजंग किम यांचा २०११चा एक अभ्यास आहे. नव्या देशात जितकी जास्त वर्षं आणि तिथल्या लोकांशी जितका जास्त संबंध, तितका त्यांचा भावनांचा साचा स्थानिकांच्या जवळ गेला. उमेद देणारी गोष्ट आहे, हे बदलतं. पण बदललं कोण ते बघा: जो बाहेरून आला तो. आपल्याकडे सून हीच घरात बाहेरून आलेली असते, आणि तिने बदलायचं हे इतकं ठरलेलं असतं की त्याला कुणी बदल म्हणतही नाही, ‘रुळणं’ म्हणतात. त्यामुळे तुम्ही या घराची रीत शिकून घ्या असं मी म्हणते, तेव्हा त्यांनी तुमची शिकू नये असं माझं म्हणणं नाही. दोन वर्षांत या घरातल्या किती जणांनी तुम्हाला विचारलं, की तुमच्याकडे भांडण झाल्यावर काय करतात?

हे विचारायचं काम पहिलं नवऱ्याचं आहे. त्याला ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की ती रीत आहे हेच त्याला दिसत नाही. तुमची तेवढी ‘समस्या’ दिसते. त्याला अँगर मॅनेजमेंटच्या आधी हे सांगा, की तू गॅलरीत जातोस तेव्हा मला कळत नाही तू परत येणार आहेस की नाही. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो, मागे सरला म्हणून पहिला आणखी मागे लागतो: जोडप्यांचा हा फेरा अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी १९९०च्या सुमारास तपशीलवार अभ्यासला. तो तोडायला दोघांनी थोडं थोडं द्यावं लागतं. त्याने उठायला हरकत नाही, पण उठताना ‘अर्धा तास दे, साडेदहाला बोलू’ असं म्हणून उठायचं आणि साडेदहाला स्वतःहून यायचं. तुम्ही त्या अर्ध्या तासात गॅलरीत जायचं नाही, व्हॉट्सॲपही करायचं नाही. यातला दुसरा भाग तुम्हाला जड जाईल. पहिला त्याला जाईल.

सासूबाईंना पुन्हा ‘राग आलाय का?’ विचारू नका. त्या प्रश्नाचं त्यांच्या घरात एकच सभ्य उत्तर आहे आणि ते तुम्हाला पाठ झालंय. भावनेबद्दल विचारण्यापेक्षा मामल्याबद्दल विचारा: ‘आई, नागपूरचं मी तिकिटं काढून झाल्यावर सांगितलं. इथल्या दिवाळीचं तुम्ही काय ठरवलं होतं?’ आणि हे जेवणाच्या टेबलावर चौघांसमोर नको. दोघीच असाल तेव्हा, हातात काहीतरी काम असताना. मेथी निवडताना, किंवा संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारताना, जिथे एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. चालता चालता माणसं जे बोलतात ते सोफ्यावर समोरासमोर बसून बोलत नाहीत. पहिल्या वेळी ‘काही नाही, जायलाच हवं होतं तुम्ही’ एवढंच येईल. तिथेच सोडा. आठ-दहा दिवसांनी त्या स्वतःच विषय काढतील अशी मला बरीच आशा आहे.

दरम्यान एक गोष्ट करून बघा. पुढच्या वेळी अबोला धरला गेला की तो सुटतो कसा, यावर लक्ष ठेवा. आधी कोण बोलतं, काय निमित्त काढतं? भाजी कुठली करू, तुझा ड्रेस वाळलाय, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? अशा फुटकळ वाक्यांनीच ही घरं समेट करतात. ते वाक्य ओळखू आलं की त्याला तसंच उत्तर द्यायचं. पाटवडीला ‘मस्त झालीये, तिखट थोडं वाढवलं तर अगदी आमच्याकडची’ एवढं पुरलं असतं.

आईला फोन करणं थांबवू नका, पण त्याच रात्री, त्याच तारेत करू नका. त्या तुमच्या बाजूने बोलतात हे स्वाभाविक आहे. मात्र त्या इथला प्रसंग महालातल्या नियमांनी वाचतात, आणि फोन ठेवेपर्यंत तुम्हाला जे वाटत होतं त्याचं अपमान असं नामकरण होऊन जातं.

आता अँगर मॅनेजमेंट. तुम्ही लिहिलंय की तुम्ही वस्तू फेकत नाही, शिव्या देत नाही, आवाज चढतो. एवढंच असेल तर कोर्सची गरज मला दिसत नाही. पण स्वतःशी प्रामाणिक राहून बघा: ओरडून झाल्यावर तुमचं तुम्हालाच भीतीदायक वाटतं का? ऑफिसातही होतं का? झोप, भूक, कामातलं लक्ष गेलंय का? यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर जरूर कुणाला तरी भेटा. हे घरासाठी करायचं नाही, तुमच्यासाठी करायचं. दोघांनी मिळून गेलात तर आणखी उत्तम. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९०पासून काम करते आहे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आणि एक रेघ मात्र मी स्पष्ट मारते, तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी. अबोला तीन दिवसांत सुटतो, डबा भरलेला असतो, परत यायची वाट मोकळी असते, तोवर ती घराची रीत समजा. पण अबोला तुम्ही तिकिटं रद्द केल्यावरच सुटत असेल, दर वेळी तुम्हीच माफी मागेपर्यंत लांबत असेल, माहेरी जाणं, पगार, मूल होणं अशा निर्णयांवर तो हत्यार म्हणून निघत असेल, तर तिथे संस्कृती वगैरे काही नाही. ती शिक्षा आहे आणि तिला शिक्षाच म्हणायचं. तुमच्या पत्रात तुम्ही नागपूरला जाऊन आलात असं दिसतं, तिकिटं कुणी रद्द करायला लावली नाहीत. म्हणून मी इतक्या निर्धास्तपणे पाटवडीबद्दल लिहू शकले.

खोटं वागायला शिकू नका. दिवाळीचं तेवढं लवकर करा. तिकिटांचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं. ते उघडण्याच्या आधी, श्रावणातच, चौघांनी बसून ठरवा की यंदा कुठे आणि पुढच्या वर्षी कुठे. त्या बैठकीत सासूबाईंनी ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हटलं तर नवऱ्याने विचारायचं, तुम्ही नाही: ‘आई, तुला काय हवंय ते सांग ना.’ मुलाने विचारलं तर कदाचित सांगतील.

हे वाचणाऱ्या सासूबाईही असतील. त्यांना एवढीच विनंती, की मनात काही असताना ‘काही नाही’ म्हणायच्या ऐवजी ‘आज नको, दोन दिवसांनी बोलू’ म्हणून बघा. गप्प बसायचे दोन दिवस तुम्हाला मिळतीलच, आणि सुनेला ते दोन दिवस तुमचा चेहरा वाचत काढावे लागणार नाहीत.